गेममधली कला चित्रांत शोधू नका

प्रश्न विचारणारे गृहस्थ चित्रकलेचे शिक्षक आहेत. त्यांची पुतणी गेम डिझाइन शिकायला निघाली आहे आणि ‘ही पण कलाच आहे’ असं तिने घरात जाहीर केलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गेममध्ये चित्रं छान असतात, संगीत छान असतं, कधी गोष्टही बरी असते, पण या सगळ्या आधीच्याच कला. गेमचं स्वतःचं त्यात काय? शिवाय जिथे हार-जीत आहे तो खेळ. आणि पुढे काय होणार हे खेळणाराच ठरवत असेल, तर कलाकार कोण?

सर, मी बरीच वर्षं गेम डिझाइन करते आहे आणि तुमचा पहिला आक्षेप मला मान्यच आहे. ‘काय सुंदर गेम आहे, अगदी सिनेमासारखा!’ अशी दाद मिळाली की आमच्यातले पुष्कळ जण खूश होतात. मला ती दाद चित्रकाराला, ॲनिमेटरला, संगीतकाराला दिलेली वाटते. ती त्यांची आहेच. पण चित्रं आणि संगीत काढून घेतल्यावर जे उरतं तो गेम: इथे काय करता येतं, काय करता येत नाही, आणि केलं तर काय भोगावं लागतं. म्हणजे नियम. गेमला कला म्हणायचं असेल तर या नियमांच्या जोरावर म्हणता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर तुमचं बरोबर आणि पुतणीचं चूक.

नियमातून काही सांगता येतं का, हे पाहायला कॉम्प्युटरही लागत नाही. ‘व्यापार’चा पट तुमच्याकडे लहानपणी असेलच. शहरं विकत घ्यायची, घरं बांधायची, दुसरा आपल्या जागेवर आला की भाडं उकळायचं. त्या पटाचं मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या नावाने त्याचं पेटंट घेतलं. जमिनीचं भाडं मूठभर लोकांकडे साठत जातं आणि बाकीचे नागवले जातात, हा हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाचा विचार लोकांना खेळता खेळता पटावा, हा बाईंचा हेतू. पुढे त्यांनी नियमांचे दोन संच केले. एकात इतरांना संपवून जिंकायचं, दुसऱ्यात जमिनीचं उत्पन्न सगळ्यांच्या उपयोगी पडायचं. पट तोच, फासे तेच. नियम बदलला की तोच पट उलटं बोलू लागायचा. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने ‘मोनॉपॉली’ बाजारात आणला तेव्हा त्यात उरला तो फक्त इतरांना संपवण्याचा संच. टीका गेली, दुसऱ्याला दिवाळखोर करण्याची मजा राहिली, आणि तीच आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोचली. मॅगीबाईंना पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले.

सापशिडीचं मूळ रूप असलेला आपला मोक्षपटही असाच. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. त्यातल्या घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं असत, आणि सापाच्या तोंडी सापडणं म्हणजे नुसती पंचवीस घरं मागे जाणं नव्हतं. इंग्लंडला जाऊन आलेल्या सापशिडीत ती नावं गळाली. साप राहिले, दुर्गुण गेले.

आता व्हिडिओ गेमकडे येते. लुकास पोप या अमेरिकी डिझायनरने जवळजवळ एकट्याने केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम २०१३ मध्ये आला. दिसायला अगदी दरिद्री: ठसठशीत पिक्सेल, मातकट रंग, संगीत नावापुरतं. १९८२ साल आहे, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक कम्युनिस्ट देश आहे, सीमेवरची चौकी आहे आणि तुम्ही तिथले तपासनीस आहात. खिडकीशी माणूस येतो, कागद सरकवतो. पासपोर्टवरचा फोटो, मुदत, गावाचं नाव, परवान्यावरचा नंबर हे सगळं ताडून पाहायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसं बिनचूक तपासाल तितका त्या दिवसाचा पगार. संध्याकाळी त्यातूनच भाडं, जेवण आणि घर ऊबदार ठेवायचा खर्च. पैसे कमी पडले की घर गारठतं आणि घरातली माणसं आजारी पडू लागतात. तपासणीत चुका झाल्या तर दिवसातल्या पहिल्या दोन माफ, तिसरीपासून दंड.

एके दिवशी एक माणूस येतो. कागद चोख. जाता जाता सांगतो, मागोमाग माझी बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठवलंत तर मला मारून टाकतील, म्हणते.

माझ्या वर्गात मुलं हा गेम खेळतात तेव्हा मी या जागी त्यांच्या मागे उभी राहते. बाईचं म्हणणं वाचून झालं की बहुतेक जण आज आपल्या किती चुका झाल्या ते आठवू लागतात. एखादी माफी शिल्लक असेल तर हिरवा शिक्का. दोन्ही संपल्या असतील तर हात थबकतो, आणि पुष्कळदा लालकडे जातो. म्हणजे दयेचाही रोजचा कोटा ठरलेला आहे, आणि तो कोटा गेममधल्या कुठल्याही संवादात लिहिलेला नाही. ‘दोन चुका माफ’ हा वरवर पाहता कारकुनी नियम आहे. त्याच्या पोटात एवढं सगळं दडलेलं आहे. सिनेमात हाच प्रसंग असता तर तपासनीसाला मनातल्या मनात शिव्या देऊन आपण मोकळे झालो असतो. इथे तपासनीस आपणच असतो.

आणखी एक बारकावा, जो नुसतं पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कागद तपासायला दिलेलं टेबल मुद्दाम अपुरं ठेवलं आहे. रोज नवे फतवे निघतात, कागद वाढत जातात, टेबल तेवढंच. एक कागद उचलावा तर दुसरा झाकला जातो, वेळ निघून जातो, रांग थांबलेली असते, आणि समोरच्याचा चेहरा पाहायचं राहूनच जातं. चांगला माणूस खुर्चीत बसल्यावर असा का वागू लागतो, हे समजावणारे लेख मी वाचले आहेत. या टेबलाने मला ते जास्त समजावलं. आणि टेबलाची लांबी-रुंदी ठरवणं हा लेखनाचा किंवा चित्रकलेचा निर्णय नाही. तो डिझायनरचा निर्णय आहे.

दुसरं उदाहरण एका बटणाचं. पुढच्या दोन परिच्छेदांत शेवट फुटणार आहे, तेव्हा ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ खेळायचा विचार असेल तर ते वगळा.

हाही २०१३ चाच. दिग्दर्शक जोसेफ फारेस मूळचे सिनेमावाले, स्वीडनमध्ये चित्रपट केलेले. गेममध्ये दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरचा डावा भाग थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोघांना चालवायचं, त्यामुळे सुरुवातीला बोटांचा नुसता गोंधळ उडतो, मग हळूहळू हात लागतो. धाकटा पाण्याला घाबरतो, कारण आई बुडताना त्याने पाहिलेली असते. पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीला धरून पलीकडे जातो. शेवटाकडे थोरला मरतो. धाकटा एकटाच घरी परततो आणि वाटेत पाणी आडवं येतं. त्याचं बटण दाबून काहीच होत नाही. थोड्या वेळाने खेळणाऱ्याला सुचतं आणि तो डावीकडचं, थोरल्याचं, इतका वेळ निकामी झालेलं बटण दाबतो. धाकटा पोहू लागतो.

इथे आपल्याला कळेल असा एक शब्दही बोलला जात नाही. भाऊ गेल्यावर त्याची हिंमत अंगात येते, हे वाक्य म्हणून अगदी गुळगुळीत आहे आणि कादंबरीत वाचलं असतं तर मी पान उलटलं असतं. पण तासन्‌तास डाव्या हाताला झालेली सवय, मग तो हात रिकामा पडणं, आणि मग त्याच बोटाने ते बटण दाबणं ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही माध्यमात करता येणार नाही. गेमचं स्वतःचं काय, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

हार-जितीचा आक्षेप तुमच्याआधी रॉजर एबर्ट यांनी घेतला होता. शिकागोचे नामांकित चित्रपट समीक्षक. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी लिहिलं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत, आणि त्यांच्या युक्तिवादातला एक मोठा भाग हाच होता: गेम जिंकता येतो, कलाकृती जिंकता येत नाही. जगभरचे गेमर त्यांच्यावर तुटून पडले. त्यातल्या बहुतेकांचा प्रतिवाद एबर्टच्या लेखापेक्षा कच्चा होता, हेही सांगून टाकते. जुलैमध्ये एबर्ट यांनी पुन्हा लिहिलं. मूळ मत सोडलं नाही, पण ज्या गोष्टीचा अनुभव घ्यायची आपली तयारी नाही तिच्यावर बोलायला नको होतं, एवढं कबूल केलं. समीक्षकाने असं कबूल करणं दुर्मीळ आहे.

जिंकण्याबद्दल माझं म्हणणं असं की ती सक्ती नाही, ते एक साधन आहे. जेसन रोरर यांचा ‘पॅसेज’ (२००७) पाच मिनिटांत संपतो आणि शेवटी तुम्ही मरताच. पडदा म्हणजे एक अरुंद आडवी पट्टी. वाटेत जोडीदार भेटते. तिला सोबत घेतलं तर दोघं मिळून चालताना काही चिंचोळ्या वाटांत शिरताच येत नाही. एकटे राहिलात तर सगळीकडे जाता येतं. एवढाच नियम. दुसरीकडे फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये (२००५) सोळा महाकाय प्राण्यांना मारायचं असतं. प्रत्येक जण कोसळला की विजयाच्या तुतारीऐवजी शोकाचं संगीत वाजतं आणि नायकाची रया जात राहते. त्यात जिंकणं हाच विषय आहे, आणि खेळत राहायचं तर जिंकावंच लागतं, ही त्यातली गोम.

मग कलाकार कोण? सर, तुम्ही कोकणातला दशावतार पाहिला असेल. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट रात्रभर आपल्या बुद्धीने बोलत राहतात. दर रात्री प्रयोग वेगळा होतो म्हणून दशावतार कला नाही, असं कोणी म्हणत नाही. गेममध्ये खेळणाऱ्याला जी मोकळीक मिळते तिची चौकट अशीच कोणीतरी आखलेली असते. फरक इतकाच की दशावतारी नट घडायला वर्षं जातात आणि आमचा नट पहिल्यांदाच रंगमंचावर आलेला असतो. त्याला काहीच येत नाही हे धरून चालावं लागतं. आमचं निम्मं काम तेच.

ते काम कसं चालतं याचं एक बोलकं उदाहरण ‘जर्नी’चं (२०१२). वाळवंटातून एका डोंगराकडे चालत जायचं. वाटेत इंटरनेटवरून जोडला गेलेला दुसरा एक अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक हाक देता येते. दिग्दर्शक जेनोव्हा चेन यांना अनोळखी माणसांमध्ये जिव्हाळा निर्माण करायचा होता. चाचणीत लोक एकमेकांना धक्के देऊन खाली पाडू लागले. एखाद्याला वाटलं असतं, माणसाची जातच तशी. चेन यांच्या टीमने खेळाडूंची एकमेकांना होणारी धडकच काढून टाकली आणि उलट एकमेकांजवळ गेलं की दोघांची उडण्याची शक्ती भरून येईल असं केलं. लोक एकमेकांना सांभाळून चालू लागले. माणसं तीच होती. या गेमच्या संगीताला, ऑस्टिन विंटोरी यांच्या, ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि बातम्या त्याच्याच झाल्या. मला विचाराल तर त्या गेममधली सर्वांत मोठी कारागिरी म्हणजे ती काढून टाकलेली धडक.

कधी ही कारागिरी इतकी बारीक असते की खेळणाऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढण्याचा अत्यंत अवघड गेम, आणि त्यातली मुलगी मनातल्या भीतीशी झुंजते आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत तो गेम तुम्हाला उडी मारू देतो. आमच्या धंद्यात याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. शेकडो वेळा पडून झाल्यावर उडी जमते तेव्हा वाटतं, मला जमलं. खरं तर गेमने हळूच हात दिलेला असतो. स्वतःवर एवढं कठोर होऊ नकोस, असं त्या मुलीला गोष्टीतून सांगायचं आणि नियमांतही तोच मवाळपणा ठेवायचा, हा मेळ मला फार आवडतो. उलट पुष्कळ महागड्या गेममध्ये नायक मधल्या दृश्यांत हळवा होऊन रडतो आणि लगेच पुढच्या दहा मिनिटांत चाळीस माणसं मारतो. गोष्ट एक सांगते, नियम दुसरंच.

शिक्के हवे असतील तर तेही मिळाले आहेत, पण त्यांवर मी फार वजन टाकत नाही. फ्रान्सने २००६ मध्ये ‘मारिओ’चे जनक शिगेरू मियामोतो यांना कला आणि साहित्यासाठीचा आपला सन्मान दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी गेमना पुस्तकं-चित्रपटांसारखंच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये चौदा गेम संग्रहात घेतले, त्यांत ‘टेट्रिस’ होता आणि तो पाच मिनिटांचा ‘पॅसेज’सुद्धा. गंमत अशी की ते घेतले वास्तुकला आणि डिझाइन विभागाने. क्युरेटर पाओला अँटोनेली यांनी निवडीचे जे निकष सांगितले त्यांत खेळणाऱ्याचं वर्तन, अवकाश आणि काळ होते. दिसणं हा त्यातला एक. ही नोंद मला त्या बातमीपेक्षा मोलाची वाटते.

आता तुमच्या बाजूचं. नियमांनी माणसाला विचार करायला लावता येतं, तसंच त्याच नियमांनी माणसाला चिकटवूनही ठेवता येतं, आणि या उद्योगातला बहुतेक पैसा दुसऱ्या कामात आहे. रोज यायला लावणारी बक्षिसं, मुद्दाम लावलेली वाट पाहण्याची वेळ आणि ती टाळायला पैसे, आत काय निघेल हे न सांगता विकलेल्या पेट्या. ऑफिसात रोज सकाळी पाहायचे ते आकडे असतात: काल आलेल्यांतले आज किती परतले, सात दिवसांनी किती उरले. असं काम मीही केलं आहे, पगार त्यावर चालायचा. त्यात कौशल्य भरपूर लागतं. त्याला कला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडे ‘गेम’ म्हटलं की लोकांना पबजी नाहीतर रमीच्या जाहिराती आठवतात. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि त्यांना ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेमपासून वेगळं काढलं, तेवढं बरं झालं. कलाकृती म्हणून गेमचा विचार त्या कप्प्यांत नाही, आणि कायद्याचं ते कामही नव्हतं.

पुतणी इथे, भारतात काम करणार असेल तर इथलं थोडं सांगते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) डोळ्यांना मेजवानी आहे: राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्यांमधून उलगडणारी गोष्ट. तुम्हाला चित्रकार म्हणून तो आवडेलच. पण त्यातली मारामारी तेच सांगते जे इतर मारामारीचे गेम सांगतात. माझ्या मोजपट्टीने त्यातली कला चित्रांत जास्त आणि नियमांत कमी आहे. गुजरातेत वापीजवळ चला इथे स्टुडिओ ओलिओमिंगस आहे. त्यांच्या एका गेममध्ये तुम्ही चक्क एक इमारत खाऊन टाकता. इतिहास पुसला कसा जातो, हे त्या चावण्यातून कळतं. सगळं समजलं असं मी म्हणणार नाही, पण हे लोक नियमांतून विचार करतात यात शंका नाही.

आणि टोरांटोमधल्या व्हिसाई गेम्सचा ‘वेन्बा’ (२०२३). १९८८ मध्ये कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब आणि आईची पाककृतींची वही, डागाळलेली, फाटलेली. पुसलेल्या ओळी अंदाजाने भरून पदार्थ करायचा. इडलीपात्रातल्या थाळ्या कशा रचल्या की वाफ सगळीकडे पोचेल, हे स्वतः शोधायचं. पुढे मोठा झालेला मुलगा तीच वही हातात घेतो, पण त्याची तमिळ कच्ची. आता खेळणाऱ्याला तेवढंच वाचता येतं जेवढं त्याला कळतं. दूर गेलेल्या पिढीच्या हातून काय निसटतं, हे त्या अर्धवट वाचण्यात आहे. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत हीच वही असेल. मराठीत असं काही माझ्या पाहण्यात अजून आलेलं नाही.

तेव्हा पुतणीला चित्रकला येते का, एवढंच पाहू नका. तिला एक काम द्या. सापशिडीचा पट घ्यायचा, चित्रं तीच ठेवायची, आणि फक्त एक नियम बदलून तो पट दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलू लागेल असं करायचं. तिने काय केलं ते तुम्हाला खेळल्यावर कळलं, तिला समजावून सांगावं लागलं नाही, तर तिला अवश्य पाठवा.

तुम्ही स्वतः ‘पॅसेज’पासून सुरुवात करा. त्याला बाणांच्या बटणांपलीकडे काही लागत नाही. मग ‘पेपर्स, प्लीज’. यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहू नका, त्यात तपासनीस पुन्हा दुसराच कोणीतरी होतो. फोनवरही तो मिळतो, पण शक्यतो कॉम्प्युटरवर खेळा. कागद माउसने ओढून त्या अपुऱ्या टेबलावर रचताना जी चिडचिड होते ती व्हायला हवी.